कुंडलिकेच्या खाडीपासून जंजिऱ्यापर्यंत: मोठ्या तोंडाच्या तोफा आणि त्यांचा गोळा

१/
मे १६७४. मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन चौलहून कुंडलिकेच्या खाडीतून वर आला आणि रोह्यासमोरच्या अष्टमीस उतरला. तेथून निजामपूरच्या वाटेने त्याला रायगड गाठायचा होता. शिवछत्रपतींचा राज्याभिषेक तोंडावर आला होता. ऑक्झिंडेनजवळ नजराणा होता, तहाची कलमे होती आणि राजापूरच्या लुटलेल्या वखारीच्या भरपाईची मागणीही होती. या मागणीच्या मुळाशी एक तोफ होती.

२/
ती उखळी तोफ होती. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन ती घेऊन वेढ्यात दाखल झाला आणि इंग्रजी निशाण लावून त्याने गडावर गोळे टाकले. महाराजांनी हे लक्षात ठेवले. १६६१ मध्ये मराठी फौज राजापुरावर आली. वखार लुटली गेली आणि रेव्हिंग्टन सहकाऱ्यांसह कैदेत पडला.

३/
पन्हाळ्यासारखा गड वेढणाऱ्या आदिलशाही सरदाराला व्यापाऱ्यांच्या तोफेची गरज का पडावी? ज्यांच्यावर त्याच व्यापाऱ्यांनी गोळे टाकले, त्या महाराजांनाही पुढे जंजिऱ्यासाठी त्यांच्याकडेच तोफा का मागाव्या लागल्या? उत्तर मोठ्या तोंडाच्या तोफेच्या घडणीत आणि भरणीत आहे. अशी तोफ बनवणे कठीण होते आणि ती चालती ठेवणे त्याहून कठीण होते.

४/
आधी थोडे गणित. गोळ्याचे वजन त्याच्या व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. ५ सेंटिमीटर व्यासाचा ओतीव लोखंडी गोळा सुमारे अर्धा किलो भरतो, १० सेंटिमीटरचा जवळजवळ पावणेचार किलो आणि २० सेंटिमीटरचा सुमारे ३० किलो. तोंड दुप्पट झाले की गोळा आठपट होतो. त्याला ढकलायला दारू अधिक लागते आणि त्या दारूचा दाब सोसायला नळीही जाड लागते. तोफ मोठी होते ती अशी सर्व बाजूंनी.

५/
ही जाड नळी घडवण्याच्या दोन रीती होत्या. एक ओतीव तोफेची, म्हणजे मातीच्या साच्यात वितळलेला धातू ओतण्याची. दुसरी लोखंडाच्या पट्ट्या आणि कड्या तापवून, ठोकून एकजीव करण्याची. दुर्गअभ्यासक या दुसऱ्या प्रकाराला ‘बांगडी तोफ’ म्हणतात. हातात चढवलेल्या बांगड्यांप्रमाणे नळीवर एकाला एक लागून कड्या दिसतात, म्हणून हे नाव.

६/
बांगडी तोफेचे कारण भट्टीत आहे. लहान देशी भट्ट्यांत लोखंडाचा रस होत नसे, मऊ गोळा निघे. तो ठोकून पट्टी काढता येई, पण साच्यात ओतता येत नसे. म्हणून लोहारांनी पिपाचा मार्ग धरला. लांब पट्ट्या उभ्या लावून नळी करायची, तिच्यावर तापलेल्या कड्या चढवायच्या आणि निवताना आकसणाऱ्या कड्यांनी पट्ट्यांना आवळून धरायचे.

७/
या रीतीचे भव्य उदाहरण तंजावरला आहे. भोसल्यांची सत्ता तेथे येण्यापूर्वी, नायकांच्या काळात घडलेली राजगोपाल तोफ ७ मीटरहून लांब आणि सुमारे २२ टन वजनाची आहे. तिच्या नळीत ४३ लोखंडी पट्ट्या असून बाहेरून ९४ कड्या आहेत, असे अभ्यासकांनी नोंदवले आहे. इतके लोखंड तापवून एकजीव करणाऱ्या लोहारांची नावे मात्र कोठेही कोरलेली नाहीत.

८/
ओतीव तोफेचा महाराष्ट्रातला मानबिंदू म्हणजे ‘मुलूख-मैदान’. १५४९ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीसाठी महंमद नावाच्या रूमी, म्हणजे तुर्की, कारागिराने ती कांस्य धातूत ओतली. वजन सुमारे ५५ टन, लांबी साडेचार मीटरच्या आसपास, आणि तोंड इतके रुंद की माणूस आत बसू शकेल. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत तिच्यातून तांब्याची नाणी भरून झाडल्याची कथा सांगतात. पुढे ती परांड्याला गेली आणि १६३२ मध्ये विजापुरास पोहोचली.

९/
दोन्ही रीतींत एकच भीती होती. ओतताना धातूत पोकळी राहिली किंवा ठोकताना एखादा सांधा कच्चा राहिला, तर तोफ शत्रूऐवजी आपल्याच माणसांवर फुटे. १४६० मध्ये रॉक्सबरोच्या वेढ्यात स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स स्वतःच्याच फुटलेल्या तोफेने मारला गेला. एडिंबरोची पट्ट्या-कड्यांची प्रसिद्ध ‘मॉन्स मेग’ही पुढे सलामीचा बार काढताना फुटली. नळीच्या आतला दोष बाहेरून दिसत नसे आणि तोफ फुटेपर्यंत कळतही नसे.

१०/
तोफ आणि बंदूक यांच्या मधली एक पायरी पुष्कळदा विसरली जाते. तटाच्या जंगीत टेकवून उडवायची जाड नळीची जेजाल, लहान तोफेसारखा जंबुरा आणि उंटाच्या पाठीवरची सुतरनाळ ही त्या पायरीवरची हत्यारे. शिशाची २ सेंटिमीटरची गोळी सुमारे ४७ ग्रॅमची असते. तीच ३ सेंटिमीटरची केली की वजन १६० ग्रॅमच्या घरात जाते. हा धक्का खांद्याला पेलत नाही, म्हणून अशा नळीला तट, तिवई किंवा खोगीर लागे.

११/
आता खरी अडचण. हाताने घडलेल्या दोन नळ्या कधीच सारख्या नसत. म्हणून प्रत्येक तोफेचा गोळा तिचा तिलाच चाले. गोळा लहान पडला तर दारूचा जोर भोवतालच्या फटीतून निसटे आणि मारा जवळच पडे. गोळा मोठा असला तर तो नळीत अडके आणि तोफ फुटण्याचा धोका उभा राही. गडावर दहा तोफा असल्या, तर गोळ्यांचे दहा वेगळे ढीग ठेवणे भाग होते. एका तोफेचे गोळे संपले की शेजारचा ढीग तिच्या उपयोगाचा नसे.

१२/
फार मोठ्या तोफांसाठी दगडी गोळे घडवीत. आपला काळा बेसाल्ट लोखंडाच्या मानाने सुमारे अडीचपट हलका. हलका गोळा म्हणजे कमी दारू आणि नळीवर कमी ताण. मुलूख-मैदानाच्या सुमारे ७० सेंटिमीटरच्या तोंडात बसणारा दगडी गोळासुद्धा हिशेबाने साडेचारशे किलोच्या पुढे जातो. तो लोखंडाचा केला असता तर एक टनाच्या वर गेला असता. किल्ल्यांवर सापडणारे दगडी गोळे म्हणजे हा सगळा विचार छिन्नीने उतरवलेला पुरावा आहे.

१३/
तोफ भरण्याचा क्रम साधा वाटतो, पण चुकीला क्षमा नव्हती. आधीच्या बाराचा धुमसता अंश उरू नये म्हणून ओल्या चिंध्यांच्या दांड्याने नळी पुसायची. मग दारू, तिच्यावर गवताचा किंवा चिंध्यांचा बोळा, मग गोळा, आणि प्रत्येक वस्तू गजाने ठासायची. शेवटी मागच्या छिद्रात, म्हणजे तोफेच्या ‘कानात’, बारीक दारूची रंजक घालून बत्ती द्यायची. पुसताना एक ठिणगी राहिली तर पुढची दारू ठासणाऱ्याच्या हातातच पेटे.

१४/
हे काम करणारा तो ‘गोलंदाज’. आज हा शब्द क्रिकेटच्या मैदानावर ऐकू येतो, पण त्याचा मूळ अर्थ गोळा टाकणारा असाच आहे. तोफ जितकी मोठी, तितकी तिला माणसे अधिक आणि वेळही अधिक लागे. तापलेली नळी निवल्याशिवाय पुन्हा भरता येत नसे. १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलचा तट फोडणारी ऑर्बनची महातोफ दिवसाकाठी जेमतेम सात बार काढी, असे सांगतात. दोन बारांच्या मधला वेळ शत्रूच्या हाती असे.

१५/
मोठ्या तोफेचे बळ आणि तिची मर्यादा दोन्ही जंजिऱ्यावर एकत्र दिसतात. कलालबांगडी, चावरी आणि लांडाकासम या तिथल्या नावाजलेल्या तोफा. त्यांपैकी कलालबांगडी सुमारे २२ टनांची असल्याचे सांगतात. तोफ हलवण्याची गरजच नाही आणि शत्रूला उघड्या पाण्यावरूनच यायचे आहे, अशा जागी ती अजोड ठरते. तट उचलून शत्रूकडे नेता येत नाही, तशी ही तोफही नेता येत नसे. तिचे काम राखण्याचे होते.

१६/
जंजिऱ्यासमोरचे दंडा-राजपुरी मराठ्यांच्या ताब्यात होते आणि तेथूनच बेटावर तोफा चालत. १६७१ मध्ये होळीच्या रात्री मराठी शिबंदी सणात असताना सिद्दी कासीमने अचानक छापा घातला. झटापटीत दारूचे कोठार उडाले आणि शिबंदीतली बहुतेक माणसे ठार झाली. महाराज त्या वेळी रायगडावर होते. स्फोटाच्या आवाजाने ते जागे झाले आणि दंड्यावर काही अरिष्ट कोसळले, असे उद्गारले, ही हकीगत खाफीखानाने नोंदवली आहे.

१७/
दंडा ते रायगड हे अंतर सरळ रेषेत सुमारे ५० किलोमीटर आहे, आणि रोहा तर दंड्यापासून त्याच्या निम्म्याहूनही जवळ. हकीगतीतला आवाजाचा भाग कोणी खरा मानो वा न मानो, त्या रात्रीने एक गोष्ट शिकवली. मोठ्या तोफेसाठी साठवलेली दारू शत्रूपेक्षा धन्यालाच आधी मारू शकते. तोफ तटावर मिरवते, पण गडाचे मरण तिच्यामागच्या कोठारात असते.

१८/
हा धडा पुढे लिखित स्वरूपात आला. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त (इ. स. १७१५ च्या सुमारास) गडावरच्या दारूखान्याचे नियम आहेत. दारूखाना वस्तीच्या घरांजवळ नसावा, त्याला तळघर असावे, आणि ठरावीक दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू बाहेर काढावी, तिला ऊन द्यावे आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावी. तेथे पहारा असावा आणि विस्तवाला मज्जाव असावा. लढाईच्या धामधुमीतून शहाणा झालेला कारभारी या ओळींत दिसतो.

१९/
त्याच ग्रंथात पावसाळ्याचीही दक्षता आहे. पर्जन्यकाळात तोफांना तेल-मेण द्यावे, त्यांचे कान मेणाने बुजवावेत आणि वर आच्छादन घालावे. कोकणातला पाऊस ज्याने पाहिला आहे, त्याला या आज्ञेचे मोल कळते. कानातून शिरलेले पाणी नळीत साचते, गंज धरतो आणि आतला पृष्ठभाग खवले सोडू लागतो. त्या खवल्यांत ठिणगी लपते आणि गोळाही नीट बसत नाही. पावसात दुर्लक्षिलेली तोफ पुढच्या मोसमात स्वतःच्या गोलंदाजाचा घात करी.

२०/
दारू आणि लोखंड देशात मिळे. पण उत्तम उखळी तोफा, फुटणारे गोळे आणि मोठ्या प्रमाणावर शिसे यांसाठी टोपीकरांच्या जहाजांकडे पाहावे लागे. १६७१ मध्ये दंडा-राजपुरीच्या मोहिमेसाठी महाराजांनी इंग्रजांकडे अशी सामग्री मागितली. इंग्रजांनी उघड नकार दिला नाही आणि मालही दिला नाही. राजापूरची भरपाई पदरात पडेपर्यंत आशा जिवंत ठेवायची, हा त्यांचा हिशेब होता. अष्टमीला उतरलेला ऑक्झिंडेन याच हिशेबाचा पुढचा आकडा घेऊन आला होता.

२१/
परावलंबनावर उपाय म्हणून मराठ्यांनी दुसऱ्या वाटा शोधल्या. जंजिऱ्याला शह द्यायला महाराजांनी कांसा बेटावर पद्मदुर्ग बांधला. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी तर समुद्रात भराव घालून जंजिऱ्यापर्यंत वाट नेण्याचा उद्योग आरंभला. मोगल फौज कोकणात उतरल्याने तो अर्धवट राहिला. १७३९ मध्ये वसईचा तट मराठ्यांनी फोडला तो मुख्यतः सुरुंगांनी. वसई पडल्यावर, १७४० च्या तहाने, कुंडलिकेच्या मुखावरचा तोफांनी सज्ज कोर्लई आणि समोरचे चौल-रेवदंडा मराठ्यांकडे आले.

२२/
‘प्रत्येक तोफेचा गोळा वेगळा’ या अडचणीवर उपाय अठराव्या शतकात सापडला. १७७४ मध्ये इंग्लंडच्या जॉन विल्किन्सनने भरीव ओतलेली तोफ यंत्राने कोरण्याचे पेटंट घेतले आणि नळ्या एकसारख्या होऊ लागल्या. इकडे पेशव्यांनी १७६५-६६ मध्ये ओतूरजवळच्या आंबेगव्हाणला तोफगोळ्यांचा कारखाना काढला. महादजी शिंद्यांच्या पदरी आग्र्याला तोफा ओतल्या जाऊ लागल्या. २३ सप्टेंबर १८०३ ला असईच्या रणात इंग्रजांच्या हाती सुमारे १०० मराठी तोफा लागल्या, तेव्हा त्यांचा दर्जा पाहून खुद्द वेलस्लीने त्यांची वाखाणणी केली. १६६० मध्ये ज्याची उणीव होती, ते मराठ्यांनी मिळवले होते. तोवर लढाईचा निकाल मात्र तोफांच्या दर्जापलीकडच्या गोष्टींवर ठरू लागला होता.

२३/
तोफांचे पुढे काय झाले? बऱ्याच तोफांच्या कानात खिळे ठोकून त्या निकामी केल्या गेल्या, काही कड्यावरून लोटल्या गेल्या आणि पुष्कळशा मोडीत गेल्या. १८५४ मध्ये मुलूख-मैदानाचाही लिलाव पुकारला गेला होता. सर्वांत मोठी बोली आली १५० रुपयांची. ती रद्द झाली म्हणून ही तोफ आज विजापूरच्या बुरुजावर आहे. लहान किल्ल्यांवरच्या निनावी तोफांचे नशीब इतके थोर नव्हते.

२४/
रोह्याच्या भोवताली अवचितगड, सुरगड आणि घोसाळगडावर आजही तोफा पाहायला मिळतात, कोर्लईच्या तटांवर तर पुष्कळ. पाहताना तीन गोष्टी तपासाव्यात. नळीवर कड्यांचे वळ आहेत की ती सलग ओतलेली आहे? कान मोकळा आहे की त्यात खिळा आहे? तोंडाचा व्यास किती? व्यास मोजला की वरच्या गणिताने गोळ्याचे वजन काढता येते, आणि वजन कळले की ती तोफ तट फोडण्यासाठी होती, गलबत बुडवण्यासाठी होती की माणसे रोखण्यासाठी, याचा अंदाज बांधता येतो.

२५/
अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चाकांच्या गाड्यांवर दोन तोफा उभ्या आहेत. त्यांवर यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचे नाव स्पष्ट कोरलेले वाचता येते. त्या कारखान्यातून निघालेल्या एका मापाच्या तोफांना एकच गोळा चाले. गडावर पडलेल्या बांगडी तोफेवर बहुधा कोणाचे नाव नसते. पण तिची प्रत्येक कडी कोणीतरी हातांनी चढवली, तिच्या मापाचा गोळा कोणीतरी निवडून ठेवला आणि पावसाआधी तिचा कान कोणीतरी मेणाने बुजवला. तिच्यात दगड भरणे, तिच्यावर नावे कोरणे किंवा ती उतारावर लोटून पाहणे म्हणजे त्या कामाचा उरलेला एकमेव पुरावा पुसणे होय. पुढच्या वेळी गड चढताना जवळ मोजपट्टी असावी. तोफेचे तोंड, लांबी आणि जागा टिपून ठेवली, तर निदान ती तोफ पुन्हा निनावी मोडीत जाणार नाही.